दोरा शाबूत, दात गेला

दोरा दाताने तोडू नये, असं आमची ही बावीस वर्षं सांगते आहे. पण माझं दुकानच दोरे-बटणांचं. गिऱ्हाइकासमोर दोरा दाताखाली धरायचा आणि मान झटकायची. तुटला तर म्हणायचं, "बघा, किती सफाईदार!" नाही तुटला तर, "बघा, किती मजबूत!" (शाळा आठवीत सुटली, ही विद्या गल्ल्यावर बसून मिळवली.)

परवा एका शिंपीणबाईंना नवा नायलॉनचा दोरा दाखवला. मान झटकली. दोरा शाबूत, आणि माझ्या पुढच्या दाताचा कोपरा काउंटरवर. बाईंनी तो चिमटीत धरून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मजबूत आहे हो. सहा रिळं द्या."

घरी बायको हसू दाबत म्हणाली, "अहो, उद्याच जाऊ. चौकात नवा दातांचा दवाखाना निघालाय ना, तो डॉक्टर माझ्याच वर्गातला. नाटकात राजा व्हायचा. काय गोड हसायचा! अख्खा वर्ग बघत राहायचा."

"अख्खा वर्ग म्हणजे तूही?"

"मग मी काय वर्गाबाहेर बसायचे?"

झालं! दाताच्या जरा खाली, छातीत डावीकडे, ठणका सुरू झाला. मी जाहीर केलं, "दात आहे तसाच राहील. धंद्यात घाई करतो तो फसतो."

दात मात्र धंद्यातला नव्हता. तिसऱ्या दिवशी गार पाण्याने डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाचव्या दिवशी गाल उशीसारखा फुगला. ही म्हणाली, "त्याच्याकडे नको तर दुसऱ्याकडे जा!" पण दुसऱ्याकडे जाणं म्हणजे याला भ्यालो असं झालं असतं. त्याऐवजी ही आंघोळीला गेल्यावर मी तिच्या वर्गाचा जुना फोटो काढला आणि भिंगातून राजाचे दात मोजले. सगळे होते मेल्याचे!

सातव्या दिवशी 'माल बघायला जातो' सांगून गुपचूप राजाच्या खुर्चीत जाऊन बसलो. केस गेले होते, हसू होतं.

"नस उघडी पडलीय. पहिल्याच दिवशी आला असतात तर एका खेपेत भागलं असतं. आता सहा खेपा. पुढची मंगळवारी."

तोंड मोकळं होताच मी खडा टाकला. "माझी बायको तुमच्या वर्गात होती." तिचं माहेरचं नाव सांगितलं. राजाने छताकडे पाहिलं.

"नाही बुवा आठवत."

"अहो, तिसरी रांग, डावीकडून दुसरी! दोन वेण्या! निबंधात पहिली!"

"असेल."

असेल? माझ्या बायकोला विसरतो? एवढं रत्न समोर बसलेलं, आणि हा काय फळ्याकडे बघत होता? मी तरातरा उठून घरी आलो. (गळ्यातलं दवाखान्याचं फडकं तसंच.)

फडकं बघून ही सगळं समजली. केस सारखे करत म्हणाली, "माझी आठवण काढली का हो त्याने?"

आता काय सांगणार? "काढली की! तिसरी रांग, डावीकडून दुसरी, दोन वेण्या, निबंधात पहिली."

ती लाजली. बावीस वर्षांत मला पाहून कधी लाजली नव्हती अशी. "पुढची खेप कधी? मंगळवारी? मीही येते. माझी एक दाढ कधीची दुखतेय."

सोमवारी मी राजाकडे धावलो, हात जोडले आणि सगळं पाठ करून घेतलं. रांग, वेण्या, निबंध. दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

मंगळवारी मी खुर्चीत, ही शेजारी. राजाने एक अक्षर न चुकता सगळं म्हटलं. मी सुटकेचा नि:श्वास टाकणार, एवढ्यात तो हसून तिला म्हणाला, "आणि खरं सांगू? हसलात की अजून तशाच दिसता!"

हे मी शिकवलं नव्हतं! ओरडायला तोंड उघडं होतंच. पण आत राजाची दोन बोटं होती. आणि अजून चार खेपा बाकी होत्या.