मामांच्या गुडघ्याची जप्ती

दुसऱ्याच्या डोक्यातून निघालेली वस्तू आपल्या अंगाला लावण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी, हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे. याच थोर भावनेतून दोन शेजारी देशांनी व्यापार करार केला. त्यांनी आपल्या टोमॅटोवरचा कर माफ करायचा आणि आपण त्यांच्या कंपनीच्या, नकली पायात बसवायच्या कृत्रिम गुडघ्याचा मान राखायचा, म्हणजे त्याची नक्कल चालू द्यायची नाही. (दोन्ही बाजू खूश झाल्या. लंगडणाऱ्यांना विचारायचे तेवढे राहून गेले.)

सीमेवरच्या तपासनाक्यावरचा निरीक्षक कामाला वाघ होता. नकली गुडघा ओळखण्याच्या प्रशिक्षणात त्याचा पहिला नंबर आला होता. खूण तशी सोपी होती. अस्सल गुडघा वळताना किंचित अडकतो आणि ‘कट्’ असा वाजतो. नकली गुडघा मुकाट्याने वळतो, आणि तिथेच त्याची चोरी उघडी पडते.

एका सकाळी रांगेत निरीक्षकाचे सख्खे मामा आले. पलीकडे दिलेल्या लेकीला बाळ झाले होते, ते बघायला निघाले होते. हातात बाळासाठी विणलेले मोजे होते. भाच्याने लगबगीने खुर्ची पुढे केली. मामा बसले. आवाज आला नाही.

निरीक्षकाने कान टवकारले.

“मामा, जरा उठून परत बसा बरं.”

मामा उठले, बसले. चिडीचूप.

“कुणी केलाय हा?”

“आमच्या गल्लीतल्या सुताराने. अस्सलची किंमत ऐकली आणि माझा दुसरा पायही लटपटायला लागला, बाबा!”

लहानपणी याच मामांच्या खांद्यावर बसून तो गावभर हिंडला होता. त्याला फार वाईट वाटले. (करारात वाईट वाटण्याला मनाई नाही.) त्याने हलक्या हाताने पट्टे सोडले, गुडघ्यासकट पाय जप्त केला आणि रीतसर पावती दिली.

“आणि मी?”

“तुम्ही खुशाल जा, मामा. तुमच्याबद्दल काही तक्रार नाही.”

“अरे, पण जाऊ कसा?”

याबाबत करारात काही म्हटलेले नव्हते. मामा एका पायावर, भिंतीला धरून उभे राहिले. मोजे खाली पडले, ते त्यांना वाकून उचलता येईनात.

रांग हळहळली. “काय दिवस आलेत!” कुणीतरी म्हणाले. थोड्या वेळाने मागून पुन्हा आवाज आला, “त्यांना जरा बाजूला घ्या ना, टोमॅटो नासतायत!”

निरीक्षकाने मान वर केली नाही. वाचकहो, पहिल्यांदा तुम्ही इतके मनापासून हळहळला होतात, की दुसरा आवाजही तुमचाच हे त्याने लगेच ओळखले.