जावयाचा वाख

मोडतोडीच्या कामात माझा हात धरणारा अख्ख्या सातपूरमध्ये कोणी नव्हता. घरी कप फोडला की बोलणी बसत, कारखान्यात तेच केलं की पगार! आमच्याकडं प्लास्टिकचे पत्रे तयार होत. त्यांच्या पट्ट्या मशीनच्या दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढायच्या, हे माझं काम. किती किलोला तुटली ते तबकडीवरचा काटा सांगायचा. तीन वर्षं मी ओढत होतो आणि तीन वर्षं टेंपररी होतो.

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या दाणीसाहेबांनी डोकं लढवलं. मजबुतीसाठी पत्र्यात काचेचे धागे घालायचे, ते महाग. त्याऐवजी बांधावरच्या घायपाताच्या पानांतला धागा, म्हणजे वाख, घालून बघू. बाजारातून वाख आणला, रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ चिकात बसवून वाळवला, पट्टी ओढली, तर काटा तीनशेच्या पुढं! मुंबईची एक कंपनी खुर्च्यांसाठी हा पत्रा घेणार होती आणि त्यांचे अधिकारी महिन्याभरात बघायला येणार होते. साहेब म्हणाले, "पास झालं तर परमनंटची ऑर्डर काढतो. फक्त वाख बदलू नकोस."

मी म्हटलं, "साहेब, खुर्ची अशी करतो की हत्ती बसला तर हत्ती मोडेल."

हे घरी बायकोला सांगितलं आणि तिथंच माशी शिंकली. सुलाचे वडील रावजीमामा पेठकडचे. वाख काढून दोर वळण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांच्या दोराला बांधलेला बैल म्हणे पळायचा विचार करण्याआधी मालकाची परवानगी घ्यायचा. सुला म्हणाली, "माझ्या बापाच्या घरी ढीग पडलाय आणि तुम्ही दुकानातून आणता? लोक काय म्हणतील?"

लोक काही म्हणणार नव्हते. सुला म्हणणार होती, आणि रोज म्हणणार होती. मी पेठला निरोप धाडला.

मामांचा वाख आला तो काय सांगू! नवरीच्या केसांसारखा मऊ, चकचकीत. मी भुललो. साहेबांना न सांगता त्याच्याच पट्ट्या केल्या, खुर्चीची एक बैठकही करून लोखंडी सांगाड्यावर ठोकली. रेझिनचा वास असा की त्याच्यापुढं दुसरा कसला वास घ्यायला नाकाला सवडच नव्हती.

अधिकारी आले. मी पट्टी जबड्यात धरली आणि चाक फिरवलं. काटा चाळीसवर पोचला न पोचला तोच पट्टीचे दोन तुकडे! गंमत म्हणजे वाखाचा एक धागा तुटला नव्हता. भातातून केस ओढावा तसे सगळे धागे प्लास्टिकमधून अख्खे सरकून बाहेर आले होते. मी जबड्यांवर खापर फोडलं, ते आवळले. दुसरी पट्टी पस्तीसवर गेली. तिसरी तर मी नुसती हातात घेतली आणि ती वाकून नमस्कार करायला लागली.

अधिकाऱ्यांनी पेनला टोपण लावलं. त्या टोपणाखाली माझी ऑर्डर गुदमरताना मला दिसत होती. मी म्हटलं, मशीनचं राहू द्या, मी स्वतः खुर्चीवर बसून दाखवतो. आणि बसलो. साधा नव्हे, उडी मारून!

पुढच्या क्षणी मी लोखंडी सांगाड्यात घडी होऊन अडकलो होतो. गुडघे हनुवटीला, आणि बुडाखाली ऋषीच्या दाढीसारखा वाख लोंबतोय. चौघे धावले. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. तीन वर्षं मी ज्या पट्ट्या ओढल्या त्यांचं मन त्या दिवशी मला कळलं. पाच मिनिटं ओढूनही मी तुटत नाही म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "यांच्यात काय घातलंय?"

एवढ्यात वाखाचा दुसरा भारा घेऊन खुद्द रावजीमामा दारात उभे. त्यांनी आधी मला पाहिलं, मग दाढी. साहेबांनी त्यांच्या भाऱ्यातला वाख चोळून बोटांचा वास घेतला.

"याला तेल लावलंय का?"

"करंजाचं," मामा अभिमानानं म्हणाले. "दोराला येकदा चोळायचं. ह्यो जावयाचा वाख, म्हून दोनदा चोळला. जावईबापूच्या हाताला फोड नाय आला पायजे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तेलकट धाग्याला रेझिन चिकटणार कसं, ते त्यांनी मामांना समजावलं.

"मंग कोरडा पायजे, आसं सांगायचं ना," मामा म्हणाले. आणि मी सांगाड्यात तसाच असताना त्यांनी आमचा बाजारातला वाख बोटांत धरून कुठला जुना, कुठला पाण्यात जास्त कुजलेला, ते घडाघडा सांगितलं. अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं. पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

मामांनी कोरडा वाख दिला. काटा साडेतीनशेच्या पुढं गेला, पत्रा पास झाला. साहेब शब्दाला पक्के. शनिवारी परमनंटची ऑर्डर निघाली.

वाख पारखणारा म्हणून, रावजीमामांच्या नावानं.

मामा आमच्याकडंच राहायला आले आणि तेव्हापासून सकाळी आम्ही दोघं एकाच बसनं जायचो. गेटवर मामा परमनंटच्या रजिस्टरात सावकाश अंगठा उठवायचे, टेंपररीच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्याकडं वळायचे आणि मोठ्या मायेनं विचारायचे, "जावईबापू, तुमचं कवा?"