काळबांडेसाहेबांचा थर्मास

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणाच्या दारात जाऊन चहाला नाही म्हटलं, तर माणसं ते नातवंडांना सांगून ठेवतात. काळबांडेसाहेबांनी उभ्या जिल्ह्याला नाही म्हटलेलं होतं.

साहेब आमचे शेजारी. सहकारी संस्थांचे हिशेब तपासणारे परवानाधारक लेखापरीक्षक. राळेगाव असो नाहीतर फुलसावंगी, एसटीतून उतरायचे ते खांद्याला थर्मास अडकवून. चहा स्वतःचा, पाणी स्वतःचं, बसायला सतरंजीही स्वतःची. संस्थेच्या खुर्चीवर टेकलं तर खुर्चीचं मिंधं व्हावं लागेल, ही धास्ती. "चहा पोटात गेला का डोयावर साय येते," म्हणायचे, म्हणजे मग डोळ्यांना हिशेबातली खोट दिसत नाही.

लग्नही त्यापायीच राहिलं. एकदा मुलगी पाहायला गेले. बोलता बोलता कळलं की मुलीचा बाप सोसायटीचा संचालक आहे. समोर आलेला कप तसाच ठेवून साहेब उठले. "पोरगी चांगली होती वं," मला एकदा म्हणाले, "पन ऑडिट माह्याकडं होतं."

खिशात हिरव्या शाईचा पेन. जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरच हिरवी खूण, हा नियम. तो घरातही चाले. गॅसच्या टाकीवर खूण, दिनदर्शिकेवर खूण, लग्नपत्रिकेतल्या वेळेवरसुद्धा खूण, पण लग्न लागल्यावर. मी आमच्या परीक्षार्थी तरुणांच्या समितीचं पत्रक त्यांना दाखवलं, तर 'हजारो तरुणांवर अन्याय' यातल्या 'हजारो'भोवती हिरवं वर्तुळ काढून विचारतात, "मोजले काय?" मी म्हटलं, "काका, भावना असते ती." तर म्हणे, "मंग 'बरेच' लिही." 'बऱ्याच तरुणांवर अन्याय' हे वाचून कोण रस्त्यावर उतरतं, सांगा!

अन्याय होताच, आणि मी स्पष्टच लिहिते. कापसाचे ते वाईट दिवस. जिनिंग कारखान्यांचे भोंगे बंद पडलेले, संस्था एकेक करून गुंडाळल्या जात होत्या. अशात नवे नियम आले. जुन्या लेखापरीक्षकांना परवान्याचं नूतनीकरण हवं असेल तर त्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची. चार पर्यायांतला एक गोळा काळा करायचा, चुकला तर गुण कापणार. आणि आमच्यासारख्या नव्या परीक्षार्थींना मोजकेच प्रयत्न, मग दार कायमचं बंद. म्हणजे म्हाताऱ्यांना बाहेर काढा आणि पोरांना आत घेऊ नका. मग काम करणार कोण? हे मी पत्रकात ठळक टाइपात विचारलं होतं. उत्तर अजून यायचं आहे.

ज्यांची एसटी गावात शिरली की संस्थांचे सचिव कपाटं आवरायला धावायचे, ते साहेब या कागदानं पार पांढरे पडले. पोस्टमन गल्लीत दिसला की दार लावून घेत. सायकलची घंटा वाजली तरी दचकत. जेवता जेवता कलमं पुटपुटत आणि घास हातातच राही. एकदा कुंपणावरून हळूच विचारलं, "काय वं, टाइम संपला का पेपर हिसकून घेतात काय?"

मी त्यांची शिकवणी घ्यायचं ठरवलं. पहिलाच प्रश्न वाचला, "एका संस्थेकडे वर्षअखेर इतकी रोख शिल्लक आहे..."

"पाह्यली कोनं?"

"काका, प्रश्नात दिलंय."

"प्रश्नात देल्लं म्हनून मानू? सचिव बी देते!"

"तुम्ही फक्त गोळा काळा करा हो!"

"न पाहता काळं करू? ज्यानं ज्यानं असं केलं त्याले मी घरी बसोलं, पोरी."

हे बोलून पेन मिटवायला गेले, तर टोपण भलत्याच टोकाला लावत बसले. मी म्हटलं, "काका, एवढं भेव कायचं? परवाना गेला तर गेला. तुमची पोटापुरती सोय आहे."

"परवान्याचं नाही वं. मी नापास झालो, तर आजवर केलेले ऑडिट बी नापास होतीन काय?"

मग ढाणकीच्या पुंडलिकचं सांगितलं. तिथल्या सोसायटीचा सचिव. त्याच्या गोदामात खताची पोती कमी भरली, साहेबांनी अहवालात तसं लिहिलं, त्याची नोकरी गेली. आता तो तिथल्याच बसस्टँडवर चहाची गाडी लावतो. ढाणकीला उतरलं की साहेब त्या गाडीसमोरूनच जात, मान खाली घालून, थर्मास छातीशी धरून. "सरकारच म्हनन का याले काही येत नाही, तर त्या मानसाचं म्या काय करून ठेवलं? लेकरं होते त्याले."

मी प्रश्नांचं पुस्तक मिटलं.

परीक्षा झाली. साहेब बाहेर आले ते घामानं भिजून. "जेवढं माहीत होतं तेवढंच काळं केलं," म्हणाले. बाकीचा कागद कोरा. निकाल लागला, साहेब नापास, परवाना संपला. मी तावातावानं म्हटलं, "काका, उपोषणाला बसू! पहिलं नाव तुमचं!" साहेब म्हणाले, "ते मंग पाहू. आधी माह्यासंगं ढाणकीले चालतं काय? एकट्याले भेव वाटते."

एसटीत रस्ताभर त्यांनी थर्मास मांडीवर घट्ट धरला होता. ढाणकीला उतरले आणि पहिल्यांदाच मान वर करून सरळ गाडीपाशी गेले. पुंडलिकनं ओळखलं. त्याच्या हातातली गाळणी तशीच थांबली.

"पुंडलिक," साहेब म्हणाले, "मी नापास झालो. लायसन गेलं माह्यं. म्हटलं, तुले सांगून यावं."

पुंडलिकनं गाळणी पातेल्यावर ठेवली. मला वाटलं, आता हा हसणार, नाहीतर गरम पातेलं फेकून मारणार. मी पत्रकांची पिशवी पुढे धरून उभी राहिले, जशी काही ढालच.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग... तुह्याबद्दल जे लिहिलं..."

"साहेब, पोते मीच इकले होते. तुमी पास व्हा नाहीतर नापास, त्या पोत्यायले काय फरक पडते?" त्यानं स्टोव्हचा भडका वाढवला. "इतके साल मले वाटे, साहेब माह्या गाडीकडं थुकत बी नाही. तुमी भेऊन राह्यले होते काय?"

साहेब चष्मा काढून शर्टानं पुसत राहिले, तो स्वच्छ झाल्यावरही.

पुंडलिकनं बाकडं झटकलं. "आता तरी चहा चालते का नाही?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या लहान मुलानं आईकडे पाहावं तसं. मी मान हलवली. त्यांनी थर्मास खांद्यावरून उतरवून खाली ठेवला. सतरंजी काढली नाही. तसेच बाकड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी पेला धरला. घोट घेतला आणि डोळे विस्फारले. जन्मभर थर्मासातला कोमट चहा प्यायलेला माणूस तो.

"चहा इतका गरम असते काय गा?"

"असते, साहेब," पुंडलिक म्हणाला. "फुकून प्या."