पूजेतला पेनड्राइव्ह

"मावशी, उद्यापासून आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स!" ऑफिस सांभाळणाऱ्या संतोषनं छाती फुगवून जाहीर केलं. "फुकट, झटपट आणि व्हायरसची भीती नाही!"

दिंडोरी रोडवरच्या मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई चंद्रभागामावशी. त्यांना भीती वेगळीच. "लग्नांच्या तारखा उडणार नाहीत ना रे? एका दिवशी दोन वराती दारात आल्या, तर तुलाच घोड्यावर बसवून हाकलून देईन!"

"तारखा पेनड्राइव्हमध्ये घेतल्यात. अगदी तिजोरीत!"

खंडेनवमीच्या सकाळी त्यानं जुनी विंडोज पार पुसली. पडद्यावर लिनक्सचा पेंग्विन उभा राहिला. गड जिंकल्यासारखा संतोष चहाला गेला आणि परत येऊन बघतो तर काय! कॉम्प्युटरला झेंडूचा हार, माऊसला हळदीकुंकू, आणि पेनड्राइव्ह ताम्हणात, अडकित्त्याशेजारी, अक्षतांवर निजलेला!

"मावशी, तो द्या आधी!"

"खबरदार! पूजलेल्या हत्याराला उद्यापर्यंत हात लावायचा नाही!"

तेवढ्यात फोन. नामपूरचे पुंजाआबा, मुलीचे वडील. "संतोषभाऊ, आमची तारीख कोणती शे? जरा वाचून दाखव."

काय वाचणार, कपाळ! संतोषच्या डोक्यात एकच तारीख चिकटलेली होती, तीच तोंडून निसटली. "बावीस नोव्हेंबर! पक्की!"

"आम्ही तेवीस सांगितली होती ना? असू दे. बावीसलाबी मुहूर्त शे!"

घाम पुसतो तोच घोटीच्या सगुणाबाईंचा फोन, दुसऱ्याच लग्नातल्या मुलाची आई. भीतीनं पुन्हा बावीसच बाहेर पडली!

"अगंबाई! तवा तर बावीस नाय म्हनले व्हते तुमी! लय उपकार झाले!"

संतोषला दिवसाढवळ्या वराती दिसू लागल्या. एक बँड उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून, आणि मधे तो, सँडविचमधल्या काकडीसारखा!

दसऱ्याला कुंकू झटकून त्यानं पेनड्राइव्ह लावला. आत एकुलतं एक चित्र, कोपऱ्यात बारीक बाण. शॉर्टकट! म्हणजे फाईल आणलीच नव्हती. ती कुठे ठेवलीय हे दाखवणारी पाटी तेवढी आणली होती. आणि पाटी दाखवत होती त्या जागी आता पेंग्विन बसला होता!

"आल्या का तारखा?" आपट्याचं पान पुढे करत मावशींनी विचारलं.

संतोषनं तोंड उघडलं, तोच फोन. होणारे सासरे!

"जावईबापू, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! बरं, बावीसला तुमच्या लग्नासाठी हॉल किती वाजता उघडणार?"

संतोषनं मावशींकडे पाहिलं. पेंग्विनकडे पाहिलं.

"मामा," तो चाचरत म्हणाला, "रजिस्टर लग्न केलं तर? जवळजवळ फुकट, झटपट आणि..."

'भीती नाही' एवढं मात्र त्याच्या तोंडून काही केल्या फुटेना.