बापूंची बस उशिरा का पोहोचते

दर्पण कॉलनीतून दाल बाजारात जायला बापू मोहित्यांच्या बसला इतर वाहनांच्या तिप्पट वेळ का लागतो, हा प्रश्न कॉलनीच्या कमिटीने माझ्याकडे सोपवला होता. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. कारण सापडेल तर मलाच, असा लोकांचा समज आहे.

बस पुढे लांब नाक असलेली, लाकडी तळाची, हँडल फिरवून चालू करायची. बापूंच्या वडिलांनी घेतलेली ही बस आजही वराती नेते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हां शेजाऱ्यांना किराणा भरायला नेते. तिला कोणी जुनी म्हटले की बापू शांतपणे सांगतात, "जुनी नाही, मास्साब. मुरलेली."

मोहित्यांचे पूर्वज घोडदळात होते. बापू बसला 'बाईसाहेब' म्हणतात. निघताना तिच्या बॉनेटवर थाप देतात, चढावर "शाबास, हळूहळू" असे पुटपुटतात, आणि बाजारात तिला सावलीत उभी करून स्वतः उन्हात बसतात.

माझे पहिले अनुमान असे की इंजिन थकले असावे. परंतु बस सरळ रस्ता सोडून किल्ल्याला वळसा घालते, याचा उलगडा कोणत्याही इंजिनाच्या थकव्याने होत नाही.

"इकडून का, बापू?" मी विचारले.

"बाईसाहेबांना इकडूनच जायची आदत आहे."

"आणि आता थांबलो कशाला?"

"त्यांना साँस घेऊ द्या की. तोवर इंदूताई, तुमच्या जावयाचं पुढे काय झालं?"

इंदूताई माझ्या शेजारीण, आणि बसच्या सर्वांत कडक टीकाकार. जावयाची हकिकत त्यांनी सविस्तर सांगितली, आणि शेवटी म्हणाल्या, "कमिटीनं ठरवलंय बरं का, बापू. पुढच्या महिन्यापासून छोटी गाडी सांगायची. तुमच्या बाईसाहेबांत बसून डाळ आणायला गेलं की घरचे वाट पाहून खिचडी खाऊन घेतात."

बापू "ठीक आहे" म्हणाले. मात्र पुढच्या सिग्नलला दिवा हिरवा झाल्यावरही बस हलली नाही; मागच्या टेम्पोवाल्याला त्यांना हाका माराव्या लागल्या.

दाल बाजारात उतरल्यावर इंदूताईंच्या लक्षात आले की चष्मा घरीच राहिला. चष्म्याशिवाय त्या तूरडाळीला हात लावत नाहीत. खडे निवडणे हा त्यांचा स्वभाव आहे. "मी आणतो," म्हणून बापू रिकामी बस घेऊन गेले. आज संध्याकाळच होणार, असे गृहीत धरून आम्ही कचोऱ्या मागवल्या.

कचोऱ्यांनंतरचा चहा अजून कपात होता, तोच भोंगा वाजला. बापू चष्मा घेऊन उभे.

इंदूताईंनी तो डोळ्यांवर चढवला आणि आधी डाळीकडे नव्हे, बापूंकडे पाहिले. "बाईसाहेबांना आज पंख फुटले काय?"

बापू फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते. "रिकामी होती ना," ते म्हणाले. "रिकाम्या गाडीत रेंगाळायचं कुणासाठी?"

बापूंचा मुलगा बेंगळुरूला असतो आणि वहिनी वारल्या त्याला बराच काळ लोटला, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असणे आणि लक्षात येणे यांत फरक आहे, असे मी वर्गात सांगत असे.

परतताना बस चौकात आली. बापूंनी निमूटपणे सरळ रस्ता धरला.

"अहो, इकडून कुठे?" मागून इंदूताई कडाडल्या. "किल्ल्याकडून घ्या. धाकट्या जावयाचं तर सांगायचंच राहिलं. आणि मास्साब, तुमच्या कमिटीला कळवा, छोट्या गाडीत माझे गुडघे मावत नाहीत."

त्या दिवशी वळसा दोनदा झाला. दुसऱ्या जावयाची हकिकत मोठी होती.

एवढ्या एकाच निरीक्षणावरून नियम मांडणे शास्त्राला धरून नाही. म्हणून वाचकांना विनंती, की महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दर्पण कॉलनीत यावे, बसमध्ये बसावे आणि माझे उत्तर स्वतः तपासून पाहावे.