एका ठिकाणी एक काम आहे

१९९८ साली लखनौतल्या मराठी मंडळींचा ई-मेल गट सुरू झाला, तेव्हा त्यात एकोणीस सभासद होते आणि एकच नियम होता : जाहिरात करू नये. पहिल्याच आठवड्यात वसुधाताईंनी घरच्या चकल्या मिळतील असं कळवलं. ही जाहिरात की माहिती, हे ठरवायला समिती नेमली गेली. समितीने व्याख्या केली : ज्या मजकुराने कुणाचाही फायदा होतो, ती जाहिरात.

जूनमध्ये विश्वजितकाका मॅनेजर असलेल्या चिनहटच्या रंगकारखान्यात केमिस्ट हवा होता. महिनाअखेरपर्यंत माणूस मिळाला नाही, तर मुख्य कचेरी ती जागाच रद्द करणार होती. त्यांनी गटासाठी मजकूर पाठवला. समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांतराव यांनी कारखान्याचं नाव प्रसिद्धी म्हणून, पगार प्रलोभन म्हणून आणि पत्ता दिशादर्शन म्हणून काढला. उरलं ते प्रसिद्ध झालं : ‘एका ठिकाणी एक काम आहे.’

सतरा जणांनी ‘कुठे?’ असं सर्वांना विचारलं. सर्वांना विचारू नये, असं अठराव्याने सर्वांना सतरा वेळा कळवलं.

अलीगंजला काकांच्याच वरच्या मजल्यावर नीलम राहायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. महिनाअखेर नोकरी नाही, तर नागपूरचं स्थळ, असं वडिलांनी बजावलं होतं. तिनेही गटाकडे आपली माहिती पाठवली. स्वतःची पदवी सांगणं ही स्वतःची जाहिरात, म्हणून समितीने तीही दुरुस्त केली : ‘एक व्यक्ती आहे.’

दोघांची भेट सब्जीच्या ठेल्यावर झाली.

“काका, ते काम केमिस्टचं असेल का हो?”

“मला माहीत आहे. पण सांगता येत नाही.”

“क्यों?”

“सांगितलं तर तुझा फायदा होईल.”

“मग नाहीये, असं तरी सांगा ना!”

“ते समिती ठरवेल.”

ठेलेवाल्याने तराजू थांबवला. “बाबूजी, बता दीजिए न बिटिया को.”

“भैया, तुम मेंबर हो?”

“नहीं.”

“तो बीच में मत बोलो.” आणि काकांनी गोंधळून चार किलो भेंडी घेतली.

तीस तारखेला जागा रद्द झाली. एकतीस दिवसांचा महिना असता तर एक दिवस मिळाला असता, असं काका अजून म्हणतात.

एक जुलैला समिती बसली. आता त्या मजकुराने कुणाचाही फायदा होणं शक्य नव्हतं, म्हणून व्याख्येनुसार ती जाहिरात उरली नव्हती. कारखान्याचं नाव, पगार, पत्ता, फोन, अगदी चिनहटला टेम्पो कुठून मिळतो यासकट मजकूर एकमताने प्रसिद्ध झाला. ‘अत्यंत उपयुक्त,’ असं सोळा जणांनी सर्वांना कळवलं आणि ते पत्र दुसऱ्या गटांना पाठवलं. तिथून ते पुण्याला गेलं, मग न्यू जर्सीला.

डिसेंबरात ते नागपूरला सौ. नीलम यांना सात जणांकडून मिळालं.

ते अजूनही फिरतंय. तुमच्याकडेही येऊन गेलं असेल. गरजूंच्या उपयोगी पडेल म्हणून तुम्ही ते लगेच पुढे पाठवलंत. तारीख कुठे बघितलीत?