खवल्या मांजराची शर्यतीची गाडी

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी पायी चालत आणि कुणाचे काही अडत नसे. अडत होते ते फक्त सदबाचे.

सदबा म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले आणि चाल अशी की गोगलगायीने वाट मागावी. घाटाखालच्या ठकूवर त्याचा फार जीव होता. ठकूही खवल्या मांजरच, पण तिचे वडील बारकूबाबा मोठे खट. मागच्या वर्षी ठकूला पाहायला एक स्थळ वरच्या रानातून निघाले होते, ते अजून वाटेतच होते. म्हणून बारकूबाबांनी सदबाला निरोप धाडला, "पुनवेला ऊन डोक्यावर यायच्या आत पोचलास तर मुलगी तुझी. नाहीतर दुसरं स्थळ बघतो."

"चालत निघालो तर पोचेपर्यंत ठकूची नातवंडं भेटतील," सदबा म्हणाला आणि त्याने घरच्या घरी गाडी बांधायला घेतली.

साधी नाही हं, शर्यतीची. रानाच्या कडेला टाकून दिलेल्या मळणीयंत्राचे इंजिन, सावरीचे पोकळ खोड, वर पळसफुलांचा लाल रंग. इतकी खुजी की आत बसले की पोट जमिनीला लागे. जंगलात दुसरी गाडीच नव्हती, तेव्हा ही पहिली येणार हे नक्की होते. इंधन मोहाच्या दारूचे. टाकी काठोकाठ भरली.

पुनवेच्या सकाळी पूजा झाली. पूजा न करता नवी गाडी बाहेर काढण्याइतका सदबा अडाणी नव्हता. पूजेला विठूआजा नावाचे म्हातारे अस्वल आले, कारण एका फटक्यात नारळ तेच फोडी. आजाने नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली, मग टाकीत नाक घातले आणि बराच वेळ बाहेर काढलेच नाही.

"सदबा, तीर्थ कुठाय?"

"राहिलं की आजा."

"राहिलं कसं? वाहनाच्या पोटात असतं तेच तीर्थ. घे वाटायला."

पळीपळीने तीर्थ वाटले. कोल्हा आला, रानडुक्कर आले, भेकर आले. कोल्हा पुन्हा आला. जंगलात आपल्या गाडीवर एवढी श्रद्धा असेल असे सदबाला वाटले नव्हते. त्याचे डोळे भरून आले. शेवटी शेवटी तर रांगेतल्यांना उभे राहवेना, तरी रांग कुणी सोडीना.

"जपून जा रे बाळा," विठूआजा एका सागाला मिठी मारून म्हणाला.

सदबा निघाला. गाडी घाटमाथ्यापर्यंत झकास धावली. तिथे ती एकदा खोकली आणि गप्प झाली.

सदबाने टाकी उघडली. आत वास होता, दुसरे काही नव्हते. खाली ठकूच्या अंगणात पोह्यांची परात दिसत होती. ऊन डोक्यावर येत चालले होते. ढकलायला कुणाला बोलवावे, तर सगळे भक्त झोपलेले. सदबाला रडू कोसळले. ठकूला आपण आपल्याच हाताने घालवले, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग घाबरलेले खवल्या मांजर जे करते तेच त्याने केले. तोंड पोटात घालून अंगाचा चेंडू केला.

घाटमाथ्यावर चेंडू होऊ नये, मुलांनो.

सदबा गडगडत सुटला. करवंदीच्या जाळ्या, एक ओढा, बारकूबाबांचे कुंपण, सगळे ओलांडून तो थेट परातीत येऊन थांबला. पोहे अजून गरम होते.

"वेळेत आलास," बारकूबाबा म्हणाले. "गाडी कुठाय?"

सदबाने वर बोट दाखवले. माथ्यावर लाल गाडी चमकत होती.

"म्हणजे गाडीच्याही पुढं आलास?" बारकूबाबा हरखले. "असा जावई पंचक्रोशीत नाही."

ठकू त्याच्या खवल्यांतले पोहे वेचायला बसली.

लग्न झाले आणि जंगलात रीतच पडली. नवरा मुलगा आधी गाडी बांधतो, मग तिचे इंधन तीर्थ म्हणून वाटून टाकतो, आणि माथ्यावर गाडी सोडून स्वतः गडगडत सासरी जातो. परवा एका हरणाचा पाय मोडला. पण रीत ती रीत. माथ्यावर आता गाड्या उभ्या करायला जागा उरलेली नाही.

तात्पर्य : निघताना टाकी तपासू नये. टाकी भरलेली असली तर नुसती गाडी पोचते. रिकामी असली तर नवरा पोचतो, रीत पडते आणि अस्वलाची जन्माची सोय होते.